अँबॅसेडर मार्क ३ : इंजिन बांधून झालं, पण गरम झालं की टॅपेट वाजतोय

मार्क३_सांगली

नमस्कार मंडळी. गाडी १९७७ ची अँबॅसेडर मार्क ३, १४८९ सीसी पेट्रोल. वडिलांनी घेतलेली, मधली बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती. यंदा इंजिन पूर्ण खोललं. बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंगं, हेडला फेस, गाईड नवे, सीट कटिंग, व्हॉल्व लॅप केले. कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडायला लावणारा फिरता दांडा) मूळचाच आहे. लोब (त्यावरचे उंचवटे) चांगले दिसले म्हणून ठेवला, आणि टॅपेटही (लोबवर टेकणारे खुंटे) ज्या भोकातले त्याच भोकात परत घातले. रॉकर शाफ्ट नवा आणला, रॉकरना (व्हॉल्व दाबणाऱ्या झुलत्या दांड्यांना) नवे बुश मारून घेतले, टोकं ग्राइंड केली.

आता त्रास असा. गार इंजिन सुरू केलं की एकदम गोड चालतं. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की पुढच्या बाजूने टिकटिक सुरू होते, आणि अर्धा तास चालवल्यावर काच बंद असली तरी ऐकू येते. टॅपेट आठही १५ थाऊला लावलेले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्वमधली फट (गॅप) इंचाच्या पंधरा हजारांश. ऑईल २०डब्ल्यू-५०. प्रेशर गेज वेगळं बसवलंय : गरम इंजिनला आयडलवर १५ पौंडाच्या आसपास, पळताना ५० च्या जवळ.

मिस्त्री म्हणतो, "नवं काम आहे, चालवा, बसेल." मला पटत नाहीये. सुरुवात कुठून करू?

शिरोलीकर

भावा, बसतात त्या रिंगा. टॅपेट कधी बसत नसतोय. आवाज वाढत असेल तर गाडी फिरवणं बंद कर आधी.

सदाशिव_पेठी

"टिकटिक" हे वर्णन पुरेसं नाही. कृपया खालील प्रश्नांची उत्तरं द्यावीत म्हणजे आम्हाला अंदाजपंचे बोलावं लागणार नाही. आवाज रेस केल्यावर वाढतो की फक्त भरभर होतो? चढावर बदलतो का? एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं घातलं होतं का? मॅनिफोल्डची गळती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते आणि लोक विनाकारण हेड उघडून बसतात.

वऱ्हाडी_वाघ

इसुझूचं १८०० सीसी इंजिन टाकून मोकळे व्हा ना राजेहो. काहून जीव जाळता.

मार्क३_सांगली

वाघसाहेब, इसुझूच टाकायचं असतं तर इतका खर्च कशाला केला असता!

पेठी साहेब, रेस केल्यावर आवाज भरभर होतो, मोठा फारसा होत नाही. चढावर फरक नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं आहे.

गेजवाला_काका

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपातून निवृत्त. आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं, पण पुशरॉडचं (टॅपेटची उचल रॉकरपर्यंत नेणाऱ्या सळईचं) इंजिन पुशरॉडचंच असतं. अँबॅसेडरचं हे इंजिन म्हणजे बीएमसीचं बी-सीरीज. त्याचं पाणी मला माहीत आहे. माझ्याकडे बरीच वर्षं होती.

सांगलीकर, तुम्ही दिलेल्या माहितीतच निम्मं उत्तर आहे. मॅनिफोल्डची गळती गार असताना जास्त वाजते, लोखंड तापून फुगलं की बंद होते किंवा कमी होते. पिस्टन ढिला असेल तर तोही गार असतानाच वाजतो. तुमचं बरोबर उलटं आहे. बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) असता तर आवाज जड आला असता, खालून आला असता आणि चढावर लगेच कळला असता. प्रेशर तर चांगलं आहे. तेव्हा खालचं काम सोडा, वर बघा.

पहिली गोष्ट, आवाजाचा वेग. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडल ८०० वर असेल तर एका रॉकरची टिक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात. हाताने ठेका धरून मोजता येत नाही, पण टायमिंग लाइट असेल तर एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा आणि टिक लाइटच्या उघडझापीबरोबर पडते का ते ऐका. बरोबर पडत असेल, किंवा ठरावीक अंतर ठेवून मागेमागे चालत असेल, तर ती कॅमच्या वेगाची आहे. लाइटच्या एका उघडझापीत दोन टिक येत असतील तर एक तर ती क्रँककडची आहे, नाहीतर दोन रॉकर वाजतायत.

दुसरी, प्लगच्या वायरी एकेक काढून बघा. बिगएंड किंवा गजनपिनचा (पिस्टनच्या पिनचा) आवाज त्या सिलिंडरची वायर काढली की बदलतो. व्हॉल्वच्या आवाजाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

तिसरी आणि खरी. टॅपेट कव्हर काढा, इंजिन गरम करून आयडलला ठेवा, आणि चालत्या इंजिनात व्हॉल्वच्या देठावर रॉकर बसतो तिथे फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पान हलकेच सरकवा. एकेका रॉकरला. ज्याच्या फटीत पान गेल्यावर आवाज मरतो, तो तुमचा चोर. पान जुनं वापरा, ठेचलं जातं. कव्हर काढल्यावर थोडं तेल उडतं. मॅनिफोल्डवर पडू देऊ नका, धूर होतो.

हे झाल्याशिवाय काहीही खोलू नका.

तुळजाई_मोटर्स_नाही

काका, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायची पद्धत?

गेजवाला_काका

लावा की. पण त्याने बाजू कळते, रॉकर कळत नाही. अख्खं हेड एक लोखंड आहे, आवाज सगळीकडे पोचतो. आणि फॅनपासून कान सांभाळा.

मार्क३_सांगली

काका, सगळं केलं. वायरी काढून काही फरक नाही. लाइटच्या एका उघडझापीत दोन टिक येतात.

पुढून मोजत २ आणि ३ नंबरच्या रॉकरखाली पान घातलं की आवाज पडतो. दोन्ही इनटेकचे, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरचे. बाकी सहांना फरक नाही. रात्रभर गार होऊ देऊन गॅप परत तपासला. बाकीचे १५-१६ थाऊ आहेत. दोन नंबर २१, तीन नंबर २०. मी स्वतः १५ ला लावले होते आणि चेकनट घट्ट आहेत. म्हणजे गॅप वाढलाय.

वऱ्हाडी_वाघ

गेला बे कॅम! गॅप वाढला म्हणजे काहीतरी झिजलं. झिजलं ते लोब नाहीतर टॅपेटचं बूड. माझ्या जीपचं असंच झालं होतं, आधी टिकटिक, मग लोब गोल. आजकालच्या तेलात झीज रोखणारं जस्त-फॉस्फरस ठेवलंच नाही. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला हे तेल म्हणजे पाणी.

सदाशिव_पेठी

तेलाबद्दल अर्धवट माहिती पसरवू नये. नव्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जांत फॉस्फरसची ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा आहे ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही. सांगलीकरांचं तेल २०डब्ल्यू-५० आहे. डबा बघून घ्यावा एवढंच. प्रत्येक आवाजाचं खापर तेलावर फोडायची फॅशन आली आहे.

वऱ्हाडी_वाघ

बरं मास्तर.

शिरोलीकर

दोघंबी थांबा. कॅम गेलाय का नाही ते न खोलता कळतंय. काका, सांगा त्यांना पुशरॉडचं.

गेजवाला_काका

सांगतो. वाघ म्हणतात ती शंका रास्त आहे, पण शंका आहे, निकाल नाही.

टॅपेटचं बूड दिसायला सपाट, पण नव्याला किंचित फुगीर असतं, आणि कॅमचा लोब त्याच्या मधोमध न लागता थोडा बाजूला लागतो. म्हणून इंजिन चालू असताना टॅपेट स्वतःभोवती हळूहळू फिरतो, आणि त्याच्यासोबत पुशरॉडही. कव्हर काढून आयडलला बघा. पुशरॉडवर मार्करने एक उभी रेघ मारली की फिरणं लगेच दिसतं. एखादा पुशरॉड नुसता वरखाली होतोय आणि फिरत नाही, तर त्या टॅपेटचं बूड खोलगट झालंय किंवा लोब खाल्ला गेलाय असं समजा.

दुसरा पुरावा डायल गेजचा. गेजचा खुंटा रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकावर, ॲडजस्टिंग स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. रॉकर बोटाने पुशरॉडवर दाबून धरा, नाहीतर गॅपचा झोल मापात येईल. प्लग काढून इंजिन हाताने फिरवा आणि आठही लिफ्ट (लोब किती उचलतो ते माप) लिहून काढा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपसातली तुलना महत्त्वाची. चार इनटेक एकसारखे हवेत, चार एक्झॉस्ट एकसारखे हवेत.

गॅप मोजताना नऊची बेरीज धरताय ना? ८ पूर्ण दबलेला असताना १ मोजायचा, ७ दबलेला असताना २, ६ असताना ३, याप्रमाणे. दबलेला आणि मोजायचा यांची बेरीज नऊ. लोकं अंदाजाने पुली फिरवून मोजतात, कॅमच्या उतारावर माप घेतात, आणि मग गॅप बदलला म्हणून ओरडतात.

मार्क३_सांगली

नऊची बेरीजच धरतो काका, वडिलांनी शिकवलेली.

पुशरॉड आठही फिरतात. दोन आणि तीन तर जरा जास्तच फिरतात. डायल गेज एमआयडीसीतल्या मित्राकडून आणला. चारही इनटेकची लिफ्ट एकमेकांशी एका थाऊच्या आत जुळते. एक्झॉस्टचीही.

वऱ्हाडी_वाघ

मग कॅम वाचला. पेढे द्या.

लेस्टरचा_पाटील

मी इकडे इंग्लंडात, घरी १९७२ ची एमजीबी आहे. १८०० सीसी, पण घराणं तेच, बी-सीरीज. म्हणून उडी मारतोय.

रॉकरच्या टोकाला खळगा असेल तर फिलर गेजचं पान खळग्यावर पुलासारखं आडवं बसतं आणि १५ दाखवतं, खरा गॅप मात्र २० असतो. पण तुम्ही टोकं ग्राइंड केलीत आणि तुमचा गॅप मापातच वाढलाय, म्हणजे ते नाही. हेड फेस केल्यावर पेडेस्टलखाली (रॉकर शाफ्टच्या आधारांखाली) शिम (पातळ चकत्या) घातले का? या इंजिनात रॉकर शाफ्टला तेल मागून येतं. कॅमच्या मागच्या बेअरिंगवरून ब्लॉक आणि हेडमधल्या भोकातून वर चढतं आणि सर्वांत मागच्या पेडेस्टलमधून शाफ्टमध्ये शिरतं. तिथे बिनभोकाचा शिम घातला तर वरचं सगळं कोरडं. तुमचे वाजणारे रॉकर पुढचे आहेत, तेलाच्या वाटेवर लांबचे.

मार्क३_सांगली

शिम नाहीत. आणि सगळ्यांत पुढचा एक नंबरचा रॉकर छान ओला आहे, एक्झॉस्टचा. तेल पुढेपर्यंत पोचतंय.

शिरोलीकर

मग आता माझं ऐका. मी मशीन शॉपवाला आहे, असले रॉकर माझ्या हातून बरेच गेलेत.

बुश कुणाकडनं मारून घेतले ते सांगू नका, पण एक सांगा. बुश मारल्यावर तेलाचं भोक आत उतरवलं होतं का?

या रॉकरमध्ये शाफ्टच्या भोकापासनं ॲडजस्टिंग स्क्रूपर्यंत आतून एक बारीक बोगदा आहे. तेल शाफ्टमधनं बुशमध्ये, बुशमधनं त्या बोगद्यात, आणि तिथनं स्क्रूच्या गोळ्यावर म्हणजे पुशरॉडच्या वाटीत. जुना बुश काढून नवा दाबला की नव्या बुशची भिंत त्या बोगद्याच्या तोंडावर येती. म्हणून स्क्रू काढायचा, रॉकरच्या टोकाचं बूच ड्रिलनं काढायचं, तिकडनं लांब बारीक ड्रिल घालून बुशला भोक पाडायचं, बर (ड्रिलनं उठलेली कड) काढायची, बूच परत ठोकून वेल्डचा ठिपका मारायचा. कटकटीचं काम आहे. आठ रॉकर आले की कंटाळा येतोय, एखाददुसऱ्याला भोक पडलं असं वाटतंय आणि पडलेलं नसतंय.

असं झालं तर बुश स्वतः ओला राहतो, कारण त्याला शाफ्टचं तेल थेट मिळतंय. म्हणून रॉकर जाम होत नाही, चुरचुरत नाही, कुणाला संशय येत नाही. कोरडा पडतो फक्त गोळा आणि वाटी. पोलादावर पोलाद. तीच झिजून गॅप वाढणार.

खोलायच्या आधी बघायचं असेल तर कव्हर काढून गरम इंजिन आयडलला ठेवा. आठही स्क्रूचे गोळे आणि वाट्या फडक्यानं पुसा, आणि कुठल्या वाटीच्या काठावर तेल चढतंय ते बघत बसा. कारंजं उडत नाही, पाझरतंय.

गेजवाला_काका

शिरोलीकर, शाब्बास. गार असताना गप्प का, तेही यात बसतं. आधी उडालेलं आणि रात्रीत घट्ट झालेलं तेल गोळ्याला धरून असतं, तेवढ्यावर दहा मिनिटं निघतात. तापून पातळ झालं की ओघळून जातं आणि मागून नवं येत नाही.

मार्क३_सांगली

सहा ओले, दोन कोरडे. २ आणि ३.

पुसल्यावर बाकीच्या वाट्यांच्या काठावर थोड्या वेळात तेलाची चकाकती कडी दिसायला लागली. या दोन वाट्या तशाच, मंद राखाडी. मोबाईलचा टॉर्च धरून बराच वेळ बघत होतो.

आता रॉकर असेंब्ली काढतो.

गेजवाला_काका

थांबा, घाई नको. पेडेस्टलचे चार नट हेडही धरून ठेवतात. नुसती रॉकर असेंब्ली काढायला गेलात तर हेड एका बाजूने ढिलं आणि दुसऱ्या बाजूने आवळलेलं राहील, वाकेल, नवं गॅस्केट जाईल. आधी रेडिएटरचं पाणी काढा, मग हेडचे बाहेरचे नटही क्रमाने थोडेथोडे ढिले करा, आणि मग असेंब्ली उचला. पुशरॉड काढाल तर पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाकून लावून ठेवा. काढताना हिसका मारू नका, वाटीला तेल चिकटून खालचा टॅपेट सोबत उचलला जातो. हलकेच फिरवून मगच वर घ्या.

मार्क३_सांगली

काढली.

शिरोलीकर म्हणाले तस्संच. बाकीच्या रॉकरमध्ये शाफ्टच्या भोकातून बारीक तार घातली की स्क्रूच्या बाजूला निघते. दोन नंबरला आत बुशवर फक्त ड्रिलच्या टोकाची ठिपकी उमटलीय, आरपार नाही. तीन नंबरला तर तीही नाही. बोगदा बुशच्या पाठीवर येऊन संपतो.

झीज मात्र बघण्यासारखी होती. बाकीच्या स्क्रूंचा गोळा आरशासारखा. या दोघांचा खालचा भाग सपाट झालेला, नखाने कड लागते, आणि रंग निळसर काळा. पुशरॉडच्या वाटीत आत खरखरीत वर्तुळ. एवढ्याशा चालण्यात.

स्क्रू आणि पुशरॉड दोन्ही बदलायचे ना? पाटील, तिकडून एमजीबीचे मागवू का?

लेस्टरचा_पाटील

पुशरॉड डोळे झाकून मागवू नका. घराणं एक असलं तरी इंजिनागणिक लांबी बदललेली आहे. तुमच्या पुशरॉडची लांबी मोजा आणि तीच घ्या. त्यापेक्षा अँबॅसेडरचे जुने स्पेअर विकणारे अजून आहेत, तिकडे बघा.

शिरोलीकर

दोन्ही बदला. झिजलेल्या वाटीत नवा गोळा घातला तर नवाबी खाणार. पुशरॉड जुन्यातला मिळाला तर काचेवर लोळवून बघा, डुगडुगला तर वाकलेला. भोकं पाडल्यावर रॉकर केरोसिनमध्ये धुवा, कॉम्प्रेसरची हवा मारा. पितळेचा एक कीस आत राहिला तर सगळं पहिल्यापासनं. आणि शाफ्टच्या टोकाचा स्क्रू काढून आतूनबी धुवा, खोललंयच तर.

मार्क३_सांगली

काम झालं. बुश मारणाऱ्या लेथवाल्याने न बोलता दोन्हीला भोकं पाडून दिली आणि बाकीच्या सहातही माझ्यासमोर तार घालून दाखवली. पैसे घेतले नाहीत. बसवताना गोळ्यांना आणि वाट्यांना असेंब्ली ग्रीस लावलं, हेड क्रमाने मापात आवळलं, १५ थाऊ.

गरम इंजिनावर तासभर फिरवली. ती वेगळी टिक गेली. आता आठही मिळून एक बारीक आवाज आहे, शिलाई मशीनसारखा. १२ थाऊला लावले तर तोही जाईल का?

गेजवाला_काका

जाईल, आणि सोबत एक्झॉस्ट व्हॉल्वही जातील. तो आवाज या इंजिनाचा जातिवंत आवाज आहे, राहू द्या.

गॅप कमी ठेवला तर गरम झाल्यावर व्हॉल्व सीटवर पुरता टेकत नाही. व्हॉल्वची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर कड जळते. शिवाय तुमचं हेड शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल आहे. हेडला कडक सीट बसवल्या नसतील तर एक्झॉस्टच्या सीट हळूहळू खाली बसतात, व्हॉल्व वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होतो. म्हणजे दुखणं असतं आणि आवाज उलट कमी होतो. वाजणारा टॅपेट परवडला, गप्प झालेला नको. दर तीन हजार किलोमीटरला मोजा, लिहून ठेवा. एखादा एक्झॉस्ट सतत घट्ट होत चाललाय असं दिसलं तर हेड काढून कडक सीट बसवायची वेळ आली.

हेड ढिलं करून परत आवळलंय, तेव्हा चारपाचशे किलोमीटरनंतर एकदा हेडचे नट तपासा. ते आवळले की गॅप बदलतो. आधी हेड, मग टॅपेट, हा क्रम.

सदाशिव_पेठी

धाग्याच्या शीर्षकात "निदान झाले" असं जोडावं, म्हणजे पुढच्यांना शोधता येईल. शिरोलीकरांचं अभिनंदन. बहुतेक धागे "शेवटी गाडी विकली" इथे संपतात.

डुक्करफियाट_वसई

एक विचारू का? माझी १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी, १०८९ सीसी. इंजिन बांधलं आणि तसाच आवाज आहे, पण गार असताना. हाच उपाय का?

गेजवाला_काका

नाही. गार असताना वाजतं आणि गरम झाल्यावर थांबतं, तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बघा. सकाळी गार इंजिन सुरू करून जोडाच्या कडेने साबणाचं पाणी पटकन ब्रशने फिरवा, मॅनिफोल्ड तापायच्या आत. बुडबुडे आले तर पॅकिंग. तिथे काही नसेल तर पिस्टनचा क्लिअरन्स किती ठेवला ते मिस्त्रीला विचारा. रॉकरला अजून हात लावू नका.

डुक्करफियाट_वसई

बुडबुडे आले काका. तीन नंबरच्या पोर्टला, खालच्या अंगाने. एक स्टड तुटलेला निघाला.

शिरोलीकर

स्टड काढायला गरम-गार करायला लागंल. हेडमध्ये तुटू देऊ नका. वेगळा धागा काढा, फोटो टाका.